आरंभीची अमेरिकन दूरचित्रनाट्ये : वसाहतींचा स्वातंत्र्यलढा आणि नावाचा प्रश्न

१

ऐतिहासिक नाटकाला दोन काळ असतात. ज्या काळाची कथा त्यात सांगितलेली असते तो एक, आणि ज्या काळी ती कथा प्रेक्षकांपुढे मांडली जाते तो दुसरा. या दोन काळांतील संबंध केवळ स्मरणाचा असेल, तर नाटक जयंत्युत्सवाच्या पातळीवर राहते. पहिल्या काळातील एखादा न सुटलेला प्रश्न दुसऱ्या काळात पुन्हा उभा ठाकलेला असेल, तरच त्या नाटकाला विचारगर्भता येते. अमेरिकेत दूरचित्रवाणीच्या आरंभीच्या वर्षांत वसाहतींच्या स्वातंत्र्यलढ्यावर जी नाट्ये झाली, त्यांचे मूल्यमापन या भूमिकेवरून करणे उपयुक्त ठरेल.

ही नाट्ये एका ठशाची नाहीत. 'स्टुडिओ वन' या नाट्यमालेतील जॉन पीटर झेंगरच्या खटल्यावरील नाटक (१९५३), 'यू आर देअर' या मालिकेतील बोस्टनचा चहाप्रसंग व नेथन हेलचा अंत यांवरील भाग (१९५३), 'हॉलमार्क हॉल ऑफ फेम'ने सादर केलेले शॉचे 'द डेव्हिल्स डिसायपल' (१९५५), आणि पुढे डिस्नेच्या 'जॉनी ट्रेमेन' (१९५७) व 'द स्वॉम्प फॉक्स' (१९५९ ते १९६१) या कृती येथे विचारात घेतल्या आहेत. रूढ समजानुसार या कृती राष्ट्राभिमानाच्या शिकवणीसाठी निर्माण झाल्या व त्यांचे महत्त्व तेवढेच आहे. हा समज अपुरा आहे. या नाट्यांपैकी आरंभीची जी सरस आहेत, त्यांच्या केंद्रस्थानी इंग्लंडपासूनची मुक्ती नसून एक अधिक निकटचा प्रश्न आहे : माणसाला स्वतःच्या नावाने बोलता येते की नाही?

२

प्रथम माध्यमाचा विचार केला पाहिजे. त्या वर्षांतील बरीच नाटके न्यूयॉर्कमधील स्टुडिओंतून थेट प्रक्षेपित होत. चुकलेले वाक्य पुसून टाकण्याची सोय नव्हती, जागा अपुरी होती, आणि घरातील पडदा लहान होता. आज त्यांतील जी उपलब्ध आहेत ती मुख्यतः किनेस्कोपमुळे, म्हणजे पडद्यावरील चित्राचे चित्रपटाच्या फितीवर केलेल्या मुद्रणामुळे. अशा माध्यमात लेक्सिंग्टनचे मैदान उभे करता येत नाही. सैन्याच्या हालचाली, जहाजे, जमाव यांना तेथे वाव नाही. वाव आहे तो मानवी चेहऱ्याला आणि संवादाला. त्यामुळे क्रांतीचे जे प्रसंग चार भिंतींत घडले (न्यायालय, तुरुंगाची कोठडी, सभागृह, छापखाना) तेच या माध्यमाला मानवले. ही केवळ आर्थिक अडचणीतून झालेली तडजोड नव्हती. तिच्यामुळे स्वातंत्र्यलढ्याचे स्वरूपच बदलून समोर आले : तो लढाईऐवजी वाद म्हणून दिसू लागला.

दुसरे बंधन पुरस्कर्त्या कंपन्यांचे होते. 'स्टुडिओ वन'ची पुरस्कर्ती वेस्टिंगहाउस कंपनी होती आणि नाटकाच्या अंकांमध्ये बेटी फर्नेस शीतकपाटांची माहिती देत असे. 'कॅव्हलकेड ऑफ अमेरिका' ही मालिका ड्यू पाँ कंपनीची. ती १९३५ पासून नभोवाणीवर होती. १९५२ मध्ये बेंजामिन फ्रँक्लिनवरील भागाने ती दूरचित्रवाणीवर आली. १८०२ मध्ये बंदुकीच्या दारूच्या कारखान्यातून उदयास आलेल्या या कंपनीवर १९३४ ते १९३६ या काळात सिनेटच्या नाय समितीपुढे युद्धातील नफेबाजीचे आरोप झाले होते. म्हणून नभोवाणीवरील आरंभीच्या वर्षांत या मालिकेत बंदुकीचा बारही ऐकू येऊ नये, असा दंडक होता. क्रांतीने जन्मलेल्या राष्ट्राची गाथा बंदुकीच्या आवाजाविना सांगावयाची, आणि तीही दारूगोळ्याच्या कारखानदाराने, ही विसंगती लक्षणीय आहे. अशा मालिकेत स्वातंत्र्याचा अर्थ उद्योगशीलता, संशोधन आणि कर्तबगारी यांच्याकडे सरकणे अपरिहार्य होते. राज्यकर्त्याला विरोध करण्याचा अर्थ त्यात मागे पडला.

तिसरे बंधन सर्वांत कठोर होते. जून १९५० मध्ये 'रेड चॅनेल्स' ही पुस्तिका प्रसिद्ध झाली. तीत नभोवाणी व दूरचित्रवाणी या क्षेत्रांतील १५१ व्यक्तींची नावे साम्यवादी संबंधांच्या संशयाखाली छापलेली होती. त्याच वर्षाच्या अखेरीस सी.बी.एस. या प्रक्षेपणसंस्थेने आपल्या कर्मचाऱ्यांकडून राजनिष्ठेची लेखी ग्वाही मागितली. ज्यांची नावे अशा यादीत आली त्यांना बचावाची संधी देणारे न्यायालय नव्हते, कारण त्यांच्यावर रीतसर आरोपच नव्हता. त्यांची कामे थांबली. नाव उच्चारले जाणे हीच शिक्षा ठरली. वसाहतकालीन नाट्यांची सरस उदाहरणे याच परिस्थितीत निर्माण झाली, हे विसरून त्यांचे वाचन करता येणार नाही.

३

झेंगरच्या खटल्याचा विषय १९५३ मध्ये का निवडला गेला, हे यावरून उमगते. झेंगर हा पॅलटिनेटमधून आलेला जर्मन निर्वासित, न्यूयॉर्कचा मुद्रक. नोव्हेंबर १७३३ पासून तो 'न्यूयॉर्क वीकली जर्नल' छापू लागला. त्यात गव्हर्नर विल्यम कॉस्बीच्या कारभारावर तीव्र टीका येई. ज्यूरीने आरोप ठेवण्यास नकार दिला असताही सरकारने आपल्या अधिकारात खटला भरला. नोव्हेंबर १७३४ मध्ये त्याला अटक झाली आणि खटला उभा राहीपर्यंत, म्हणजे ४ ऑगस्ट १७३५ पर्यंत, तो तुरुंगात होता. जेम्स अलेक्झांडर व विल्यम स्मिथ या त्याच्या वकिलांना मुख्य न्यायाधीश डिलान्सी यांनी वकिलीतून काढून टाकले. तेव्हा फिलाडेल्फियाहून अँड्र्यू हॅमिल्टन आले. तत्कालीन कायद्यानुसार मजकूर खरा असणे हा बचाव नव्हता. मजकूर आरोपीने छापला की नाही, एवढेच ज्यूरीने ठरवावयाचे होते. हॅमिल्टन यांनी छापल्याची गोष्ट उघड मान्य केली आणि सत्यासत्याचा निर्णय करण्याचा अधिकार ज्यूरीकडे मागितला. ज्यूरीने झेंगरला निर्दोष ठरविले.

'स्टुडिओ वन'ने १९५३ च्या जानेवारीत या विषयाचे नाट्य सादर केले. त्यात झेंगरची भूमिका एडी आल्बर्ट यांची होती. या कथेत एक रचनात्मक अडचण आहे. नाटकाचा नायक जवळजवळ काहीच करीत नाही. तो लेखक नाही. लेख बहुतांशी अलेक्झांडर व त्यांच्या पक्षातील इतरांचे होते आणि ते निनावी प्रसिद्ध होत असत. तो वक्ताही नाही. न्यायालयातील युक्तिवाद हॅमिल्टनचा. पत्र चालू राहिले तेही त्याची पत्नी ॲना कॅथरीन हिच्या हातून. झेंगरची कृती एकच : छापखान्यावर त्याचे नाव होते आणि ते नाव त्याने मागे घेतले नाही. इतरांच्या शब्दांची जबाबदारी त्याने आपल्या नावावर पत्करली व ज्यांनी ते लिहिले त्यांना उघडे पाडले नाही.

रंगभूमीच्या दृष्टीने हा नायक दुबळा वाटेल. दूरचित्रवाणीच्या दृष्टीने तसा तो नाही. मोठ्या नाट्यगृहात प्रेक्षकाची दृष्टी बोलणाऱ्याकडे जाते. लहान पडद्यावर कॅमेरा ऐकणाऱ्याचा चेहरा जवळून दाखवू शकतो, आणि ज्याच्याविषयी वाद चालला आहे असा मूक मनुष्य हा तेथे नाट्याचा खरा केंद्रबिंदू होऊ शकतो. शिवाय ज्यूरीच्या जागी बसविलेला प्रेक्षक हा या प्रकाराचा मोठा लाभ आहे. घरी बसलेल्या माणसापुढे प्रश्न येतो तो असा : सांगितलेल्या चौकटीपुरताच निर्णय द्यावयाचा की सत्याची चौकशी करावयाची? १९५३ मध्ये हा प्रश्न अठराव्या शतकापुरता नव्हता.

तथापि या विषयाच्या मांडणीतील एक दोष सांगितला पाहिजे. निर्दोष मुक्तता हा नाटकाचा स्वाभाविक शेवट असल्यामुळे मुद्रणस्वातंत्र्य त्या दिवशी मिळाले, असा समज दृढ होतो. वस्तुतः त्या निकालाने कायदा बदलला नाही. संपूर्ण मजकुराचा विचार करण्याचा ज्यूरीचा अधिकार इंग्लंडमध्ये १७९२ च्या कायद्याने मान्य झाला; सत्य हा बचाव अमेरिकेच्या संघीय कायद्यात आला तो १७९८ च्या राजद्रोहविषयक कायद्यात, आणि त्याच कायद्याखाली संपादकांना शिक्षाही झाल्या. बारा माणसांच्या धैर्याने एक मुद्रक सुटला, संस्था सुधारली नाही, हे सत्य नाट्याला पेलणारे होते. परंतु दिलासा देण्याची ओढ या प्रकारात प्रबळ असल्यामुळे ते सहसा बाजूला राहते.

४

'यू आर देअर' या मालिकेचे तंत्र निराळे होते. गुडमन एस यांच्या कल्पनेतून ती १९४७ मध्ये नभोवाणीवर सुरू झाली आणि फेब्रुवारी १९५३ मध्ये दूरचित्रवाणीवर आली. वॉल्टर क्रॉनकाइट आजच्या वार्ताहराप्रमाणे प्रसंगाची ओळख करून देत, सी.बी.एस.चे वार्ताहर घटनास्थळी असलेल्या व्यक्तींना प्रश्न विचारीत, आणि अठराव्या शतकातील माणसे त्या प्रश्नांना उत्तरे देत. सुरुवातीच्या अनेक भागांचे दिग्दर्शन सिडनी ल्युमेट यांनी केले.

या कालविपर्यासाला क्लृप्ती म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. परंतु त्यामुळे एक गंभीर परिणाम साधतो. वार्ताहर जेव्हा प्रश्न विचारतो तेव्हा घटनेचा शेवट अजून ठरलेला नसतो. १६ डिसेंबर १७७३ च्या संध्याकाळी बोस्टनमधील लोकांना आपण क्रांती करीत आहोत हे ठाऊक नव्हते. 'डार्टमथ', 'एलिनॉर' व 'बीव्हर' या जहाजांवरील ३४२ पेट्या चहा समुद्रात गेल्यावर काय होईल, याविषयी त्यांच्यात मतभेद होते. हा चहा ईस्ट इंडिया कंपनीचा. डबघाईस आलेल्या कंपनीला सावरण्यासाठी पार्लमेंटने ज्या वर्षी चहाचा कायदा केला, त्याच वर्षी कंपनीच्या हिंदुस्थानातील कारभाराला वेसण घालणारा रेग्युलेटिंग कायदाही झाला. अशा प्रसंगी कायदा मोडणे न्याय्य आहे काय, दुसऱ्याच्या मालाचा नाश हे मत मांडण्याचे साधन होऊ शकते काय, हे प्रश्न त्या संध्याकाळच्या भाषेत विचारता येतात, आणि प्रेक्षकाला इतिहासाने दिलेल्या निकालाच्या आड लपता येत नाही.

या मालिकेच्या संहितांचा इतिहास तिच्या आशयाइतकाच महत्त्वाचा आहे. तिचे बरेचसे भाग एब्रहम पोलॉन्स्की, वॉल्टर बर्नस्टीन व आर्नल्ड मॅनॉफ यांनी लिहिले. हे तिघेही काळ्या यादीतील लेखक होते. त्यांच्या संहितांवर दुसऱ्याच व्यक्तींची नावे असत. हे नामधारी लेखक संहिता सादर करीत, प्रसंगी चर्चेला बसत आणि श्रेय आपल्या नावावर घेत. निर्माते चार्ल्स रसेल यांना सत्य ठाऊक होते. सॉक्रेटिसचा मृत्यू, गॅलिलिओपुढील पेच, सेलेममधील चेटुकांचा खटला असे विषय मालिकेच्या पहिल्याच वर्षात आले. सत्तेपुढे आपले मत सोडावे की नाही, हा त्या सर्वांतील समान धागा.

या पार्श्वभूमीवर वसाहतकालीन भाग पाहिले म्हणजे त्यांतील एक सूत्र स्पष्ट होते. चहाच्या पेट्या फोडणारे लोक मोहॉकांच्या वेशात, तोंडाला काळे फासून आले होते आणि त्यांतील अनेकांनी आपली नावे पुढे कित्येक वर्षे गुप्त ठेवली. नेथन हेल हा परंपरेनुसार शाळामास्तराचे सोंग घेऊन शत्रूच्या प्रदेशात गेला. पकडल्यावर मात्र त्याने आपले नाव व हुद्दा सांगितला आणि २२ सप्टेंबर १७७६ रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो फाशी गेला. ती भूमिका १९५३ मध्ये पॉल न्यूमन या तेव्हा नवख्या असलेल्या नटाने केली. झेंगरने इतरांच्या निनावी लेखांसाठी आपले नाव दिले. लपविलेले नाव, उसने नाव आणि अखेरीस उघड केलेले नाव या तीन अवस्थांतून ही माणसे जातात. ज्यांना स्वतःच्या नावाने एक ओळही विकता येत नव्हती अशा लेखकांना हा इतिहास केवळ रूपक म्हणून उपयोगी पडला असे नव्हे. त्यात त्यांच्या स्वतःच्या स्थितीचे वर्णनच होते.

५

इतिहासाच्या आवरणाखाली वर्तमानाविषयी बोलण्याची ही रीत मराठी अभ्यासकाला अपरिचित नाही. खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ मध्ये रंगभूमीवर आले आणि १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. पुराणातील कीचक कोण, हे प्रेक्षकांना सांगावे लागत नव्हते, आणि पुढे सरकारलाही सांगावे लागले नाही. परंतु दोन्ही परिस्थितींतील भेद साम्याहून अधिक बोधप्रद आहे. येथे नाटककाराचे नाव जाहीर होते व बंदी नाटकावर आली. अमेरिकेत नाटकावर बंदी आली नाही. ती माणसाच्या नावावर आली. परकी सत्ता मजकुराला भ्याली, म्हणून तिने प्रयोग थांबविले. तेथील भयग्रस्त व्यवसायाला मजकुराचे भय नव्हते. तोच मजकूर, तेच विचार, दुसऱ्याच्या सहीने बिनदिक्कत लाखो घरांत पोहोचत होते. म्हणून तेथील दडपण विचारांचे होते असे म्हणण्यापेक्षा ते व्यक्तींचे होते, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. विचारांशी त्याचा संबंध इतका ढिला होता, हेच त्याच्या अन्यायाचे गमक होय.

६

नावाच्या याच प्रश्नावर उपरोधाचा प्रकाश टाकणारी कृती म्हणजे शॉचे 'द डेव्हिल्स डिसायपल'. १८९७ मध्ये अमेरिकेतच प्रथम सादर झालेले हे नाटक २० नोव्हेंबर १९५५ रोजी दूरचित्रवाणीवर आले. मॉरिस इव्हान्स यांनी त्यात डिक डजन रंगविला. धर्मोपदेशक अँडरसन यांना पकडण्यास आलेले ब्रिटिश शिपाई चुकून डजनला पकडतात, आणि हा स्वतःला सैतानाचा शिष्य म्हणविणारा माणूस दुसऱ्याच्या नावाने फासावर जाण्यास तयार होतो. तसे का केले, याचे कोणतेही उदात्त कारण तो देत नाही. शॉला वसाहतींच्या पराक्रमाचे कौतुक नव्हते आणि इंग्लंडच्या प्रतिष्ठेचेही नव्हते. त्याचा जनरल बर्गॉइन हा आपल्याच पराभवाकडे तटस्थ विनोदाने पाहतो. देशभक्तीच्या भाषेपासून मुक्त असल्यामुळे हे नाटक या सर्व कृतींत सर्वांत निर्भय वाटते. त्यात स्वातंत्र्य ही घोषणा राहत नाही, ती एका माणसाच्या स्वभावाची अनपेक्षित खूण ठरते.

७

१९५७ नंतर चित्र पालटले. एस्थर फोर्ब्स यांच्या १९४३ च्या कादंबरीवर आधारित 'जॉनी ट्रेमेन' डिस्नेने मुळात दूरचित्रवाणीसाठी योजिले. ते प्रथम चित्रपटगृहांत गेले आणि १९५८ मध्ये दोन भागांत घरोघरी दाखविले गेले. आता चित्रीकरण फितीवर होते. जहाजे आली, जमाव आला, बंदुकांचे आवाज आले. या कथेतही नावाचा धागा आहे : भाजलेल्या हाताचा हा उमेदवार सोनार लाइट या श्रीमंत घराण्याचे नाव आपल्या नावात वाहतो. पण हा धागा वारसा व अपमान यांच्या कथेत गुंतून राहतो, आणि शब्दांची जबाबदारी कोणाची, या प्रश्नापर्यंत जात नाही. 'द स्वॉम्प फॉक्स'मध्ये लेस्ली नील्सन यांचा फ्रान्सिस मॅरियन दलदलीतून घोडा फेकीत येतो, शत्रूला चकवितो आणि दिसेनासा होतो. वेषांतर येथेही आहे, परंतु ते साहसाचे साधन म्हणून. अवकाश विस्तारला आणि प्रश्न आक्रसला.

याच मालिकेत सर्वच कृतींची एक उणीव ठळक होते. मॅरियनबरोबर ऑस्कर हे कृष्णवर्णीय पात्र निष्ठावान सोबती म्हणून येते. इतिहासातील मॅरियन गुलामांचा मालक होता आणि ऑस्कर त्याचा गुलाम. नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाचे गव्हर्नर लॉर्ड डनमोर यांनी बंडखोरांच्या गुलामांना ब्रिटिश सैन्यात येण्याच्या अटीवर मुक्ती देऊ केली होती. म्हणजे कित्येकांच्या दृष्टीने स्वातंत्र्य शत्रूच्या छावणीत होते. शाळांतील वर्णभेदावर सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये निर्णय दिला, माँटगमरीतील बसवरील बहिष्कार १९५५ मध्ये सुरू झाला. तरीही येथे विचारात घेतलेल्या कृतींपैकी एकीनेही हा पेच आपल्या केंद्रस्थानी आणला नाही. ज्यांचे नाव यादीत गेले त्यांची व्यथा या नाट्यांना कळली. ज्यांचे नाव मालकाच्या हिशेबवहीत मालमत्ता म्हणून लिहिले जात होते, त्यांच्यापर्यंत ती पोहोचली नाही. नावाचा प्रश्न ज्यांनी इतक्या सूक्ष्मपणे ओळखला त्यांच्याबाबत ही उणीव अधिक जाणवते.

८

या विवेचनावरून निष्कर्ष असा निघतो की, या नाट्यांचे मूल्य त्यांनी उभ्या केलेल्या भूतकाळाच्या भव्यतेवर अवलंबून नाही. झेंगरचे नाट्य आणि 'यू आर देअर'चे आरंभीचे भाग, साधनांच्या दृष्टीने दरिद्री असूनही, सरस ठरतात; कारण त्यांच्यापुढे एक जिवंत प्रश्न होता व तो मांडणाऱ्यांना त्याची किंमत स्वतः मोजावी लागत होती. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ५६ जणांनी सह्या केल्या. त्यांची नावे असलेली छापील प्रत जानेवारी १७७७ मध्ये मेरी कॅथरीन गोडार्ड या मुद्रिकेने काढली, आणि तळाशी तिने स्वतःचेही पूर्ण नाव छापले. नाव छापणे हे त्या लढ्यातील एक कृत्य होते, अलंकार नव्हता.

सहीचा हा अर्थ १९५३ च्या लेखकांना पुरता कळला होता, आणि त्यांनाच सही करता येत नव्हती. बर्नस्टीन यांनी या अनुभवावर 'द फ्रंट' हा चित्रपट लिहिला तो १९७६ मध्ये. त्यांच्या आठवणी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाल्या. पोलॉन्स्की यांच्या 'यू आर देअर'च्या संहिता त्यांच्या नावानिशी ग्रंथरूपाने आल्या तेव्हा १९९७ साल उजाडले होते. मूळ प्रक्षेपणाला तेव्हा चव्वेचाळीस वर्षे लोटली होती. त्या संहितांचा अभ्यास करताना प्रत्येक वेळी श्रेयनामावलीतील नाव तपासून पाहावे लागते. ही तपासणी संशोधनाची नित्याची शिस्त आहे, हे खरे. येथे मात्र ती त्या नाट्यांच्या आशयाचाच एक भाग ठरते.